वाल्या आख्यानात गोड, दारात नको

माउली, मनवेलपाड्यात वाल्या कोळ्याचे आख्यान मी किती वेळा लावले, मोजदाद नाही. टाळकरी डोळे पुसत. पण शिक्षा भोगून आलेला शेजारी माफीचा अर्ज लिहून मागतो, तेव्हा तेच टाळकरी म्हणतात, "केले ते भोगावे." भोगून झाले की हो! संविधानाच्या 161व्या कलमाने राज्यपालांना माफीचा अधिकार आहे. ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने ठरवतात. मिळेलच असे नाही. पण मागायचीसुद्धा नाही? ज्याचे नुकसान झाले त्याचे दुःख अर्जात लपवू नये, एवढे पथ्य पाळा. दिंडीत त्याच्या पाया पडता, मग एकादशीला हरिपाठानंतर तासभर कागद घेऊन बसा. वसईच्या कोर्टात निकालाची नक्कल आणायला त्याच्यासोबत जा.