दोन चाव्यांची तिजोरी

सांगली बँक १९१६ सालची, साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न १९३६ सालची. दुसरी २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये विलीन झाली, पहिली २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये. पाट्या उतरल्या, पण खातेदाराचा पैसा बुडाला नाही, कारण त्याची नोंद शाबूत होती. बँक म्हणजे शेवटी नोंद, हे मी उमेदीची वर्षे बँकेत घालवून शिकलो.

तो धडा पक्का केला कृष्णामाईने. २००५ च्या पुरात कृष्णाकाठच्या एका शाखेच्या तळमजल्यावरची जुनी लेजरे भिजली. पान पान सुटे करून आम्ही ती पंख्याखाली वाळवली. शाई उतरली होती. एका वृद्ध खातेदाराची नोंद वाचताच येईना. अखेर त्यांनी घरून पासबुक आणले आणि आमची लाज राखली. प्रत दुसऱ्या जागी होती, म्हणून ती वाचली. २०१९ मध्ये तर सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले. तिथली धोक्याची पातळी आहे ४५ फूट.

परवा एका पतसंस्थेचे संचालक अभिमानाने म्हणाले, ‘आता सगळं क्लाउडवर टाकलंय. पुराची भीती गेली.’ मला राहवेना. सर्व्हर सांभाळणाऱ्या भाच्याला विचारले. तो हसून म्हणाला, ‘मामा, क्लाउड काही आभाळात नसतो.’

त्याने सांगितले ते असे. ॲमेझॉनचे मुंबई केंद्र २०१६ मध्ये सुरू झाले, हैदराबादचे २०२२ मध्ये. तिथे सर्व्हर भाड्याने मिळतो आणि साठवणीची जागा, म्हणजे व्हॉल्यूम, वेगळी घेता येते. व्हॉल्यूम ज्या विभागात असेल, त्याच विभागातल्या सर्व्हरला जोडता येतो. पण जोडला म्हणजे झाले नाही. कोऱ्या व्हॉल्यूमवर आधी फाइल-व्यवस्था आखायची, मग तो एका ठरावीक जागी ‘माउंट’ करायचा. तेव्हा कुठे त्यावर लिहिता येते. ही सूचना कायम नोंदवली नाही, तर सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर माउंट उरत नाही, आणि नव्या नोंदी भलत्याच जागी पडू लागतात. आमच्या भाषेत, स्थायी सूचनाच दिलेली नाही! आणि भरलेला व्हॉल्यूम कोरा समजून पुन्हा फॉरमॅट केला, तर जुन्या नोंदींचा ठावठिकाणाच पुसला जातो. पुराला निदान दोन दिवस लागतात. इथे एक आज्ञा पुरते.

उपाय आहे: स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत. ती हैदराबादलाही ठेवता येते. हे झाले आपले पासबुक. पण ते आपोआप निघत नाही. कुणीतरी काढायला सांगावे लागते.

मग मी त्या संचालकांना विचारले, प्रत कुठे आहे? ती उघडून शेवटचे कधी पाहिले? पासवर्ड कुणाकडे? ‘सगळं त्या पोराकडे आहे,’ ते म्हणाले. पोरगा हुशार आहे, प्रामाणिकही असेल. पण आमच्या तिजोरीला दोन चाव्या असत, एक मॅनेजरकडे, दुसरी कॅशियरकडे. त्यात कुणावर अविश्वास नव्हता. एक माणूस आजारी पडू शकतो, चुकू शकतो, एवढेच गृहीत होते.

सातारा-सांगलीच्या गावोगावच्या पतसंस्थांत भाजीवाल्यांची, ऊसतोडणी करणाऱ्यांची पै-पै आहे. त्यांनी क्लाउडवर जरूर जावे. ओल्या लेजरांपेक्षा ते बरेच. मात्र येत्या वार्षिक सभेत लाभांशाबरोबर सभासदांनी हे तीन प्रश्नही विचारावेत. उत्तर ‘त्या पोराला विचारतो’ असे आले, तर पासबुक जपून ठेवावे.