साडेसातची पंगत

साडेसातला आजी एकटी जेवते, दहाला तुम्ही मोबाइलसमोर. यात तोटा दोघांचाही आहे. एकट्यासाठी वाढून घ्यायचा कंटाळा येतो. मग चहात बुडवलेला टोस्ट हेच रात्रीचं जेवण. उतारवयात स्नायू टिकवायला प्रथिनं हवीत, आणि नेमकी तेव्हाच वरण-उसळ सुटते. शेजारी कुणी बसलं की दोन घास जास्त जातात.

आणि तुमचं काय? २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, कॅफेत नाचणीच्या कुकीज आल्या. आजीकडे तीच नाचणी आंबील होऊन केव्हाची येतेय! ठाणे-रायगडकडची पावसाळी शेवळंच घ्या ना. काकडाची आंबट फळं न घालता शिजवली तर घशाला खाज सुटते. रीलमध्ये कृती मिळेल, पण किती शेवळांना किती काकडं, हा अंदाज तिच्या हातातच आहे. तो कुणी विचारून घेतलाय? (तिच्या भाजीत मीठ जास्त पडत असेल तर तेही सांगा, रक्तदाबाची गोळी चालू असेल तर नक्कीच.)

क्लास, प्रॅक्टिकल्स, लोकल सगळं मान्य. रोज नको, आठवड्यातून तीनदा साडेसातला घरी पोचा. जमत नसेल तर तिला विचारा, आठपर्यंत थांबशील का?