'एलिझाबेथ'ची सायकल ज्या बोळांतून फिरली, त्या बोळांचं काय होणार?

पंढरपूर : घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून बघावा असा 'एलिझाबेथ एकादशी' 14 नोव्हेंबर 2014 रोजी, बालदिनी, प्रदर्शित झाला. परेश मोकाशी यांच्या या सिनेमाला बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. अनेकांनी तो गोड सिनेमा म्हणून पाहिला आणि विसरले. कॉरिडॉरच्या चर्चेत मात्र तो पुन्हा बघण्यासारखा आहे.

गोष्ट साधी. ज्ञानेश, बहीण मुक्ता उर्फ झेंडू, आई आणि आजी. वडील वारलेले. आई मशीनवर स्वेटर विणून घर चालवते. कर्ज थकतं, मशीन जाते. ती सोडवायची तर सायकल विकावी लागणार, आणि ती तर वडिलांनी पोरासाठी बनवलेली 'एलिझाबेथ'! मग पोरं कार्तिकीच्या गर्दीत बांगड्या विकायला निघतात. (14 वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवता येत नाही. 2016 च्या दुरुस्तीनं शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या धंद्याला हातभार लावण्यापुरती मोकळीक दिली. यात्रेत मात्र घरचा धंदा कुठला अन् परका कुठला, कोण बघतं?)

सिनेमात देवापेक्षा यात्रा जास्त दिसते, आणि हे पंढरपूरकराला लगेच पटतं. आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री या चार वाऱ्यांवर इथल्या कितीतरी घरांचं वर्षाचं गणित बसतं. कुणी तुळशीमाळा-बुक्का विकतं, कुणी चुरमुरे-पेढे, कुणी घरातली खोली वारकऱ्यांना देतं. हा धंदा देवळाच्या दारात आणि प्रदक्षिणा मार्गावरच चालतो. चार गल्ल्या पलीकडं सरकला की गिऱ्हाईक गेलं.

डिसेंबर 2021 मध्ये काशीचा कॉरिडॉर खुला झाला, त्यानंतर पंढरपुरातही तसाच करायचं पुढं आलं. रहिवासी आणि व्यापाऱ्यांनी विरोध केला. गर्दीचा प्रश्न खोटा नाही. आषाढीला या बोळांत चेंगराचेंगरीची भीती असतेच आणि रुग्णवाहिका आत न्यायची म्हणजे दिव्यच. पण रुंदीकरणात नेमकं कुणाचं जातं, हे नीट पाहायला हवं.

ज्याच्या नावावर घर, त्याला मोबदला मिळतो. 2013 चा भूसंपादन कायदा भाडेकरू आणि त्या जागेवर किमान तीन वर्षं पोट असलेल्यांनाही बाधित धरतो. पण यात्रेपुरतं पोतं अंथरून बसणाऱ्या बाईनं ती तीन वर्षं कशी दाखवायची? तिच्याकडं ना पावती, ना करार.

देवळाचं तसं नाही. शके 1195 मधल्या, म्हणजे 1273 च्या देणग्या 'चौऱ्याऐंशीच्या' शिलालेखात कोरलेल्या आहेत. 2024 मध्ये गाभाऱ्याच्या जतनासाठी काही आठवडे पदस्पर्श दर्शन बंद ठेवलं, ते भाविकांनी समजून घेतलं. देणाऱ्यांची नावं साडेसातशे वर्षं टिकली. दारात बसणाऱ्यांची नोंद मात्र आजही करून घ्यावी लागते.

त्यासाठी 2014 चा पथविक्रेता कायदा आहे. दर पाच वर्षांत किमान एकदा विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं आणि त्यात सापडलेल्यांना प्रमाणपत्र द्यायचं, ते होईपर्यंत कुणाला उठवायचं नाही, असं त्यात आहे. नगरपालिकेनं शेवटचं सर्वेक्षण कधी केलं आणि त्यात वारीपुरते बसणारे धरले का, हे विचारायला माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज पुरतो. नकाशावर रेघ ओढली जाण्याआधी तो दिलेला बरा.