फाइल कसली, हे विचारायचे कोणी?

महाविद्यालयातील स्विच, राउटर, वाय-फायची यंत्रे एका जागी बसून सांभाळण्यासाठी एक सॉफ्टवेअर असते. त्यात फाइली चढवाव्या लागतातच. ती सोयच काढून टाका, असे मी म्हणत नाही. पण येणारी फाइल कोणाची व कसली, हे न विचारताच घेतली तर?

'नेटगिअर'च्या एनएमएस ३०० या सॉफ्टवेअरमधील असा दोष फेब्रुवारी २०१६ मध्ये उघड झाला. लॉगिन न करताच कोणालाही त्यात जेएसपी फाइल, म्हणजे सर्व्हरने चालवायचा प्रोग्राम, ठेवता येई. ब्राउझरमध्ये तिचा पत्ता उघडला, की ती संगणकावरील सर्वोच्च अधिकाराने चालू लागे. सगळ्या किल्ल्या ज्याच्या कमरेला, तो रखवालदारच फितूर!

यावर ठराविक उत्तर मिळते : "ते पान इमारतीतच दिसते, बाहेरचा कोण येणार?" आपल्या हैदराबादेत जानेवारी २०२२ मध्ये महेश बँकेचे १२ कोटींहून अधिक रुपये चोरीस गेले. तेथील दोष हा नव्हे. पण चोर आत शिरले ते कर्मचाऱ्यांना पाठवलेल्या फसव्या ई-मेलमधून. मग 'आतले' या शब्दावर किती विसंबायचे?

फाइलीचा प्रकार तपासणे, ठेवलेली फाइल चालू न देणे, हे सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीचे काम. ग्राहकाच्या गळ्यात ते घालू नये. मात्र ते पान विद्यार्थ्यांच्या वाय-फायवरून उघडू न देणे आपल्याच हाती आहे. आणि आमच्या खरेदी समित्यांनी दरपत्रके मागवताना विक्रेत्याला एवढे तरी विचारावे : लॉगिनशिवाय तुमचे सॉफ्टवेअर कोणकोणत्या फाइली घेते?