पेपर इंग्लिशमध्ये, डोकं मराठीत

सबमिशन संपून पी.एल. लागली, की आपल्या होस्टेलची भाषाच बदलते. सेमिस्टरभर वर्गात 'येस सर', 'नो सर' एवढंच बोलणारी मंडळी रात्री एक वाजता चहाचा थर्मास मध्ये ठेवून एकमेकांना मशिन्स आणि एम-थ्री समजावतात, तेही चक्क मराठीत! कॉन्व्हेंटमधून आलेल्या माझ्यासारखीला आधी याची गंमत वाटायची. आता मात्र माझं ठाम मत झालंय, की आपला खरा अभ्यास होतो तो याच वेळी.

साधं उदाहरण घ्या. इंडक्शन मोटरचा स्लिप. व्याख्या पुस्तकात आहेच, पण रोटर मागे का राहतो? मराठी मीडियमची माझी रूममेट म्हणाली, "अगं, पकडापकडी! रोटरवर राज्य आहे. तो फिल्डच्या मागे पळतो. पण गाठलं की खेळच संपला. मग फ्लक्स कापला जाणार नाही, करंट नाही नि टॉर्कही नाही." चार पोलच्या मोटरचं फिल्ड ५० हर्ट्झवर मिनिटाला १५०० फेरे मारतं, आणि फुल लोडला रोटर १४४० च्या आसपासच का राहतो, हे त्या दोन वाक्यांत कळलं.

आता याच मुलीची ओरल. एक्स्टर्नलनी स्लिपच विचारला, इंग्लिशमध्ये. हिला वाक्य जुळेना. सर पुढच्या रोल नंबरकडे वळले. मी तिचंच स्पष्टीकरण इंग्लिशमध्ये सांगितलं आणि "गुड" ऐकून बाहेर आले. विषय तिचा, मार्क माझे! हा न्याय मला तरी पटत नाही.

कुणी म्हणेल, उद्या इंटरव्ह्यू इंग्लिशमध्येच होणार, सवय नको का? हवीच. पण ती सवय फर्स्ट इयरपासून लावायची गोष्ट आहे. मशिन्सच्या ओरलमध्ये मशिन्स तपासावं. एआयसीटीईने २०२१ साली मराठीसह काही भारतीय भाषांतून इंजिनीअरिंग शिकवायला परवानगी दिली. आपल्याकडे अख्खा कोर्स मराठीत व्हावा असं माझं म्हणणं नाही. मागणी एवढीच, की मुलगा अडखळला तर सरांनी "बरं, मराठीत सांग" म्हणावं. टॉर्क, फ्लक्स हे शब्द तसेच राहतील, मधली क्रियापदं तेवढी आपली असतील.

लेखी पेपरला मात्र ही सोय नाही. तिथे आपणच काहीतरी करायला हवं. एक म्हणजे, नोट्सच्या पीडीएफ नुसत्या पुन्हा पुन्हा वाचू नका. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे. उतारा परत परत वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवडाभराने बाजी मारली ती न बघता आठवून लिहिणाऱ्यांनी. रात्री वाचलेलं 'येतंय' असं वाटतं आणि पेपरात दगा देतं, ते यामुळेच! म्हणून पुस्तक मिटा आणि पार्टनरला मराठीत समजावून सांगा. जिथे अडाल तेवढंच परत वाचा.

दुसरं, समजावून झालं की त्याच रात्री ते उत्तर इंग्लिशमध्ये लिहून काढा. आधी आकृती, तिला नावं, मग सूत्र, मग पाच-सहा छोटी वाक्यं. आकृतीला व्याकरण लागत नाही. गाइडमधलं लांबलचक उत्तर घोकलं, तर पहिली ओळ विसरली की सगळंच गेलं.

आणि आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांसाठी एक. रात्री ज्यांच्याकडून विषय समजून घेता, त्यांची वाक्यं सुधारायला रोज अर्धा तास द्या. हसू नका, फक्त सुधारा. हे उपकार नव्हेत, उधारी फेडणं आहे!

बाकी झोप पुरेशी घ्या, हॉल तिकीट रात्रीच बॅगेत ठेवा, आणि पेपर झाल्यावर गेटपाशी उत्तरं जुळवत बसू नका. पुढचा पेपर वाट बघतोय. ऑल द बेस्ट!