कॅमेरा-कट्टा : घरच्या स्टुडिओसाठी पहिला स्ट्रोब



उन्हाळा आला की इथे अमेरिकेत घरोघरी आई-बाबा येतात, आणि "त्यांचे नीट फोटो काढायचेत, कुठला स्ट्रोब घेऊ?" अशी विचारणा सुरू होते. म्हणून या वेळी तोच विषय.

पहिलं म्हणजे वॉट-सेकंदांच्या मागे धावू नका. हा आकडा कपॅसिटरमध्ये साठणाऱ्या ऊर्जेचा आहे, चेहऱ्यावर पडणाऱ्या प्रकाशाचा नाही. ३०० ऐवजी ६०० घेतलात तरी फरक एकाच स्टॉपचा. दिवा २ मीटरवरून १ मीटरवर आणलात तर साधारण दोन स्टॉप फुकट! दिवाणखान्यात एक-दोन माणसांसाठी २००-३०० भरपूर झाले. त्यापेक्षा दिवा किती मंद करता येतो ते बघा. ३०० चा दिवा १/३२ वर सुमारे ९ वॉट-सेकंदांवर येतो, १/१२८ वर अडीचच्याही खाली. एफ/२.८ ला मागची भिंत धूसर करायची तर हा फरक नडतो.

दुसरं, वाचलेले पैसे सॉफ्टबॉक्सवर घाला. प्रकाश मऊ होतो तो दिव्याच्या किमतीने नव्हे, तर मोठ्या आणि जवळ ठेवलेल्या सॉफ्टबॉक्सने. बाबांच्या चष्म्यात तो चमकतोय? दिवा थोडा वर आणि बाजूला सरकवा. माउंट शक्यतो बोवेन्सचा घ्या. मूळ कंपनी २०१७ मध्ये बंद पडली, पण माउंट बाकीच्या अनेक कंपन्यांनी उचलला, त्यामुळे सामान सहज मिळतं.

तिसरं खास आपल्यासाठी. भारतात न्यायचा विचार असेल तर आधी व्होल्टेज वाचा. फक्त १२० व्होल्टचा दिवा तिकडच्या २३० वर लावला की खेळ खल्लास, आणि प्रवासातला छोटा कन्व्हर्टर त्याला पुरत नाही. बॅटरीवाला दिवा सोयीचा, पण सुटी लिथियम बॅटरी केबिन बॅगेतच हवी. १०० वॉट-अवरपर्यंत सहसा अडचण नाही, १०० ते १६० असेल तर एअरलाइनची परवानगी लागते.

थोडक्यात, एक दिवा, एक सॉफ्टबॉक्स, दुसऱ्या बाजूला थर्मोकोलचा पांढरा तक्ता, बस्स. दुसरा दिवा पुढच्या वर्षी घेता येईल. आई-बाबांच्या परतीच्या तिकिटावर मात्र तारीख छापलेली असते. तेव्हा रिव्ह्यू वाचणं आवरा आणि या वीकेंडला त्यांना खुर्चीवर बसवाच.

पुढच्या वेळी : रेडिओ ट्रिगर आणि सिंक स्पीड.