आजारी कुत्रीची पिल्ले : तोडावी की ठेवावी?

हिवाळा लागला की आपल्या वडसा-देसाईगंजच्या गल्लीबोळांत, धानाच्या तणसाच्या ढिगांत कुत्र्यांची पिल्ले कुईंकुईं करू लागतात. अशा वेळी एखाद्या कुत्रीचे नाक-डोळे वाहू लागले, तिला खोकला किंवा हगवण लागली, की मोहल्ल्यात दोन मते पडतात. काहीजण म्हणतात, “तिला हाकला, पिल्ले वाचतील.” काहीजण म्हणतात, “पिल्लांसकट पोत्यात घाला आणि जंगलात सोडा.” माझे मत असे की, दोन्ही सल्ले घाईचे आहेत. दुसरा तर सरळ घातक आहे.

प्रथम हे पाहा की आई पिल्लाला काय देते. गाय व्याल्यावर तिच्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो. कुत्रीलाही चीक येतो, आणि रोगाशी लढणारी प्रतिद्रव्ये पिल्लाला मुख्यतः त्यातूनच मिळतात. जन्मापूर्वी नाळेतून मिळतात ती फारच थोडी. शिवाय पिल्लाचे आतडे ही प्रतिद्रव्ये जेमतेम पहिला एक दिवसच शोषून घेऊ शकते. म्हणून जन्मतःच पिल्लू तोडले, तर त्याची ढालच काढून घेतल्यासारखे होते. अर्थात आईजवळ असेल तेवढेच ती देणार. जिला कधी लस टोचली नाही आणि जिला तो रोगही कधी झाला नाही, तिच्या चिकात त्या रोगाविरुद्धची प्रतिद्रव्ये कोठून येणार?

ही ढाल कायमची नसते. किरणोत्सर्गी पदार्थाप्रमाणे प्रतिद्रव्यांनाही अर्धायुष्य असते. डिस्टेंपर या रोगाविरुद्धच्या प्रतिद्रव्यांचे अर्धायुष्य सुमारे ८.४ दिवस आहे. म्हणजे ४२ दिवसांत ती पाच वेळा निम्मी होतात आणि १/३२ उरतात. ती भरपूर असताना लस टोचली तर ती लसीलाच निष्प्रभ करतात. ती संपली की रोगाला दार उघडे होते. नेमका दिवस प्रत्येक पिल्लाचा वेगळा असतो. म्हणूनच पशुवैद्य ६ ते ८ आठवड्यांपासून १६ आठवड्यांपर्यंत लस पुन्हापुन्हा टोचतात.

आई दुसरी गोष्ट देते ती ऊब. १५ किलोची कुत्री आणि ३०० ग्रॅमचे पिल्लू यांच्या वजनात ५० पट फरक आहे. गणित केले तर दर ग्रॅममागे पिल्लाचा पृष्ठभाग आईच्या साडेतीन पटींहून अधिक भरतो. त्यामुळे ते तितक्याच झपाट्याने थंड होते, आणि पहिल्या आठवड्यात त्याला धड कुडकुडताही येत नाही. तेव्हा पिल्ले तोडायची झाली तर पहिल्या आठवड्यात त्यांच्याभोवती २९ ते ३२ अंश सेल्सिअस तापमान रात्रंदिवस राखता आले पाहिजे. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यावी, दूध मागाहून. गाईचे दूध कुत्रीच्या दुधाहून पातळ. त्यात प्रथिने आणि स्निग्धांश निम्म्याहून कमी असतात. दूध कोणते आणि किती द्यावे, हे पशुवैद्यालाच विचारावे.

मग रोगाचे काय? रोग कोणता, यावर सारे अवलंबून आहे. डिस्टेंपरचा विषाणू हा आपल्या गोवराच्या विषाणूचा भाऊबंद. तो नाकातोंडातल्या तुषारांतून पसरतो आणि लक्षणे दिसण्यापूर्वीच आईकडून बाहेर पडू लागतो. म्हणजे आपल्या लक्षात येईतो पिल्लांना त्याचा संपर्क बहुधा झालेला असतो. मात्र ऊन आणि साबण यांपुढे तो टिकत नाही. पार्व्हो विषाणू विष्ठेतून पसरतो, मातीत महिनोन्‌महिने तग धरतो आणि साबणाला दाद देत नाही. तेथे अंथरलेले तणस जाळावे, जमीन विरंजक द्रावणाने धुवावी. आणि पिसाळल्याचा नुसता संशय असला, तरी कुत्री काय, पिल्ले काय, कोणालाच हात लावू नये. चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम साबणपाण्याने १५ मिनिटे धुऊन ताबडतोब दवाखाना गाठावा.

पिल्ले कधीच तोडू नयेत, असे माझे म्हणणे नाही. पशुवैद्याने सांगितले, चीक पिऊन झाला आणि ऊब व दूध देणारे हात तयार असले, तर जरूर तोडावीत. हे नसेल तर तोडणे म्हणजे रोगाऐवजी थंडीने आणि भुकेने मारणे होय.

राहिला जंगलात सोडण्याचा सल्ला. आपल्या गावाला लागूनच वाघ-बिबट्यांचे रान आहे, आणि बिबट्या कुत्री खातो. १९९४ साली आफ्रिकेतील सेरेंगेटीत डिस्टेंपरने सुमारे एकतृतीयांश सिंह मेले. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गीरमध्ये २३ सिंह दगावले. त्यांतील काहींमध्ये हाच विषाणू असल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या तपासणीत आढळले. पोत्यातून आपण जंगलात काय सोडतो, याचा विचार करा.

खरा उपाय पिल्ले जन्मण्यापूर्वीचा आहे. मोहल्ल्यातील कुत्र्यांना वेळेवर लस टोचून घेणे, त्यांची नसबंदी करवणे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून शाळेच्या परिसरातील कुत्र्यांची नोंद दुरूनच करून घ्यावी आणि ती पशुवैद्यकीय दवाखान्यात व नगरपरिषदेत नेऊन द्यावी. दया हवीच, पण तिच्या हाती थर्मामीटर आणि दिनदर्शिकाही हवी.